फरक तेवढा सांगा

ग्लिविट्सेच्या तांत्रिक विद्यापीठात
तिसऱ्या मजल्यावरची शेवटची खोली.
रेडिएटर आतून ठोके देतो,
आणि मोरावेत्स बाई फळ्यावर
आठ बाय आठचा चौकोन आखतात,
पट्टी न लावता.

"चौसष्ट ठिपके," त्या म्हणतात,
"त्यांची सरासरी डावीकडे, वरच्या कोपऱ्यात,
घरातल्या थोरल्या माणसासारखी.
बाकीचे तिच्याशी किती फटकून वागतात
तेवढंच लिहायचं.
खाली उजवीकडे उरतं ते बारीक, किरकिरं,
त्याला मोठ्या आकड्यानं भागा. शून्य.
डोळा तक्रार करत नाही.
डोळ्यांत धूळ फेकणं ते हेच,
फक्त आपण आधी धूळ काढून घेतो
आणि मग फेकतो."

कोणी हसत नाही.
मी त्यांचा साहाय्यक, मी हसतो.

सरावासाठी दर वर्षी एकच फोटो:
गावचा लाकडी रेडिओ-मनोरा, नोव्हेंबरच्या धुक्यात,
त्यांच्या नवऱ्यानं, एर्विननं काढलेला.
धुकं जवळजवळ फुकटात जातं.
मनोऱ्याच्या आडव्या-तिरप्या फळ्यांना बाइट मोजावे लागतात.
आणि भिंगावर बसलेली कोळशाची भुकटी,
तिचा खर्च सगळ्यांत मोठा.

"जिच्यात काही अर्थ नाही
तीच सर्वांत महाग. का?"

मागच्या बाकावरून ओलेना, हळू पोलिशमध्ये,
प्रत्येक शब्द तपासून:
"कारण पुढचा कण कुठे पडेल
हे आधी सांगता येत नाही."

"बरोबर. आणि जे आधीच ठाऊक आहे
ते पाठवायचं नसतं."

मग चलच्चित्र.
काल आणि आज, यांतला फरक तेवढा पाठवा;
समोरच्याकडे कालचं चित्र आहे
एवढा विश्वास ठेवा.

इथे त्या उदाहरण द्यायच्या, आपल्याच न्याहारीचं.
छत्तीस वर्षांच्या संसारानंतर
एर्विन म्हणतो, "हं?"
त्या म्हणतात, "हं."
त्यात पाव संपल्याचं आलं, गुडघा बरा असल्याचं,
झाब्झेच्या नणंदेचा फोन,
आणि कालचं भांडण मिटल्याचंसुद्धा.
"दोन बिट," बाई म्हणायच्या,
आणि वर्ग हसायचा.

यंदा ते उदाहरण आलं नाही.

फेब्रुवारीत एर्विनच्या मेंदूत रक्त साकळलं.
मे महिन्यात मी उत्तरपत्रिका घेऊन घरी गेलो,
दार उघडंच होतं.
स्वयंपाकघरात बाई त्याच्यासमोर बसून सांगत होत्या:

हा कप.
कपाला कान आहे, निळा.
आत चहा आहे. लिंबू घातलंय, तुला लिंबू आवडतं.
ही खिडकी.
खिडकीबाहेर आहेत ते कावळे, दोन, नाही, तीन.
मी हाल्श्का.
हा तुझा हात, हा माझा.

एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत,
एकही ठिपका न गाळता,
कशालाही कशानंही न भागता.
तो वाफेकडे बघत होता.
त्या थांबल्या, आणि पुन्हा कपापासून सुरू केलं.

मी गठ्ठा छातीशी धरून बोळात उभा राहिलो.
वर चौथा प्रश्न दिसत होता, त्यांनीच काढलेला:
समोरच्याकडची आधीची फ्रेम नष्ट झाली तर काय कराल?
गुण दोन.

सोळा जणांनी लिहिलं:
पूर्ण चित्र पुन्हा पाठवू.
ओलेनानं त्याखाली आणखी एक ओळ लिहिली होती:
आणि ते पोचल्याचं उत्तर येईपर्यंत
फरक पाठवायची घाई करणार नाही.

बाईंनी तिला दोनपैकी अडीच दिले.

विद्यापीठाची प्रणाली अडीच घेत नाही.
पूर्णांक भरा, म्हणते, कमाल दोन.
मी दोन भरले.
तो उरलेला अर्धा
टेबलाच्या खणात, एका पिवळ्या चिठ्ठीवर,
तारखेसह लिहून ठेवला आहे.