साल

बोटांच्या बेचक्यात इसब.
बावीस सालं झाली, वरुडच्या मंडीत
संत्रा निवडते मी: मोठा, मधला, चुरी.
डोळ्याच्या आधी हाताले समजते.

करंजाचं तेल झालं, कडूनिंबाचा पाला झाला.
अमरावतीची ट्यूब झाली.
लावली तवरिक गप,
सोडली का परत येते, नणंद माहेरी यावी तशी,
पेटी घेऊनच.

रेशनच्या मशीनले माझा अंगठा समजत नाही.
"बाई, पुसा. पुन्हा दाबा."
मंग सासऱ्याले मोटरसायकलवर बसवून न्या,
तवा तांदूळ.

बहिणीचा प्रणय चीनमधून डॉक्टर होऊन आला.
तिकडच्या घरमालकिणीनं बारा पुड्या बांधून देल्ल्या.
"मावशी, मी हे शिकलो नाही," म्हणे,
"मी ट्यूबवालंच शिकलो.
पण म्हातारीच्या नातवाचे कोपरे
माझ्या डोळ्यादेखत सुधरले."
आधी माझं रक्त तपासलं, लिव्हर का काय ते.
मंग म्हणे, उकळ.

पुडी उघडली.
काड्या. मुळ्या.
एका किड्यानं टाकलेली कात, पायासकट.
अन् काळपट, कडक एक तुकडा.
नाकाशी नेला
अन् मी हसलीच.
"संत्र्याची साल," प्रणय म्हणे.
"जितकी जुनी तितकी गुणाची.
वीस वीस सालं ठेवतात तिकडे जपून."

बावीस सालं मी हे उकिरड्यावर फेकली.
इच्याच तेलानं माझी बोटं चिरली.

दोन गिलासाचा एक होईस्तोर आटवलं.
वासानं नवरा ओट्यावर जाऊन बसला.
कडू म्हणावं तर कडू नाही,
जुन्या कोठीत तोंड घातल्यासारखं.

बारा दिवस.
खाज गेली म्हणत नाही मी.
रात्रीची झोपली, एवढं खरं.
पुड्यानं, का मृगाचा माल सरून मंडी बसली म्हणून?
"मलेही सांगता येत नाही," प्रणय म्हणाला.
बावीस सालांत कोण्या डॉक्टरनं
हे म्हटलं नव्हतं.

आता आंबिया सुरू झाला.
त्यानं हातमोजे आणून देल्ले.
मोज्यात माल समजत नाही, चुरी मधल्यात जाते.
उजव्यात घालते, डावा उघडाच.
मशीन अजून म्हणते, पुन्हा दाबा.

टिनावर साली वाळत घातल्या.
पंचफुला इचारते, कायले वो?
म्हटलं, राहू दे पडून
वीस सालं.