बैलांना पोळा आहे

बैलांना पोळा आहे, गाईला वसुबारस,
नागालाही, तो पीत नसला तरी, वाटीभर दूध.
कुत्र्याला काय, तर शिळी पोळी
आणि सोबत एक शिवी.
हे मी कौमुदीला फोनवर म्हटलं.
ती तिकडे ओहायोत भोपळा सोलत होती.
म्हणाली, मग तूच घाल की घाट, आई,
इथं पुढच्या गुरुवारी सगळे आभार मानतात.

म्हणून सहकारनगरात, चार मजले चढून,
गच्चीवर मी सतरंज्या अंथरल्या
आणि दाराला पाटी अडकवली:
चपला आणि पट्टे बाहेर काढावेत.
मालकांनी एकमेकांवर गुरगुरू नये.
पातेल्यातला भात पाहुण्यांचा आहे,
माणसांसाठी मिसळ वेगळी केली आहे.

भातात मीठ नाही, कांदा नाही, मनुका तर नाहीच.
उकडलेला लाल भोपळा, कोंबडीचे तुकडे,
चिमूटभर हळद, ती हाताच्या सवयीनं पडली.
एक छोटं पातेलं बिनकोंबडीचं,
कारण लिमयांचा डॅशहाउंड
(असं लिमये म्हणतात)
गुरुवार पाळतो.

सहाला तळजाईची मंडळी आली.
रोज पहाटे टेकडीवर भेटतो आम्ही
आणि मला एकाचंही नाव येत नाही.
ही बिस्किटची आई, ते सुभेदारचे आजोबा.
आज इस्त्रीचे शर्ट, घडी मोडलेल्या साड्या,
आम्ही एकमेकांकडे पाहुण्यांसारखे बघत राहिलो.
कुत्र्यांना ओळख पटायला क्षणभर पुरला,
तोही मागच्या बाजूनं.

इम्तियाज बागवान मार्केट यार्डातून थेट आला,
गाळ्यामागचे तीन घेऊन, तिघेही बिनपट्ट्याचे.
मी वही उघडली. मालक कोण लिहू?
तो म्हणाला, गाळा नंबर लिहा.

राहिला ज्युबिली.
तेरा वर्षांचा लॅब्राडोर, मागचे पाय गेलेले.
कॅम्पातून त्याला रिक्षात घालून आणलेले
होशंग दारूवाला, स्वतः चौऱ्याहत्तरचे,
जिन्याशी टॉवेल पसरून त्याला उचलायच्या बेतात.
लिफ्टवर नोटीस: श्वानांस सक्त मनाई.
खाली सही, श्री. आगटे, सचिव.
आणि लिफ्टचं दार हातानं धरून
आगटेच उभे,
नजर मीटरच्या खोलीकडे,
जणू या महिन्याचं बिल तिथं भिंतीवर लिहिलंय.
लवकर, एवढंच म्हणाले,
दार उघडं राहिलं की ही बोंबलते.

वर ताटल्या चाटून झाल्या, दोन भांडणं झाली,
कुंडीतल्या कढीपत्त्यावर तीनदा पाणी पडलं.
मग कुणीतरी म्हणालं, आता माना की आभार,
बोलावलंय कशाला?
सगळे एकदम गप्प.
आमच्यात घरच्यांचे आभार मानत नाहीत.
एकदा मी मानले होते, तर आईनं
दोन दिवस अबोला धरला, मी काय परकी?
सुभेदारच्या आजोबांनी घसा खाकरला,
म्हणाले, हा मला रोज फिरवतो.
पुढचं जमेना,
तेव्हा त्याच्या कानामागं
गोचीड शोधायला लागले.
गोचीड नव्हती. बराच वेळ शोधत होते.

आणि माझी मिरी?
संध्याकाळभर खाली कॉटखाली.
दिवाळी संपली हे तिला अजून पटलेलं नाही.
यजमानीणबाईच गैरहजर, लिमये म्हणालेच जाताना.

दहाला, सगळं निजानीज झाल्यावर, ती वर आली.
सतरंजीचा काठन् काठ हुंगला,
ज्युबिली बसला होता तिथं
जरा जास्त थांबली.
लिमयांच्या पातेल्याचा तळ घासून काढला
आणि सगळा भार टाकून
माझ्या पावलांवर बसली.
थंडी पडली होती. पर्वतीवरचे दिवे दिसत होते.
फोन वाजला: आई, कसं झालं?
पायाला मुंग्या आलेल्या.
म्हटलं, उद्या सांगते गं,
आत्ता हलता येत नाहीये.