कोंडा

तिसऱ्या दिवशीही नेमकं तेच.
शेवटचं वर्तुळ, चार गडी उरलेले,
आणि डब्बा बंद पडला.
मग आपोआप सुरू झाला,
जसं काही झालंच नाही.
खिलेशने हेडफोन गादीवर आपटला.
"बाबा, हा मरून राहिला ना घडीघडी."

मी मोटरी भरतो.
वीस वर्षं तांब्याची तार बोटांवरून गेली.
कॉम्प्युटरचं मला काय कळतं?
पण तापल्या वार्निशचा वास कळतो,
आणि तळहाताने नाही,
हाताच्या पाठीने चाचपायचं
एवढं कळतं.

पहिला संशय व्होल्टेजवर.
संध्याकाळी सातला गावचे सारे कुलर लागतात,
बल्ब हळद लागल्यासारखा होतो.
दुकानातला स्टॅबिलायझर उचलून आणला,
काटा दोनशे वीसवर गच्च.
तरी पडला.
मग रॅमची पट्टी काढून
कंपासमधल्या खोडरबरने घासली.
(दहावीच्या सामानातलं तेवढंच वापरात आलं.)
तरी पडला.
भूमेश्वरीने कुलरचं तोंड
माणसांकडून काढून डब्याकडे केलं
आणि दोन मिनिटांत परत आमच्याकडे.
"पाणी उडून राहिलं त्याच्यावर.
शॉक लागन त मले सांगू नका."

पोराने पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा दाखवला:
सत्त्याण्णव.
बाहेर सेहेचाळीस होता
आणि त्यालाच आम्ही उन्हाळा म्हणत होतो.

शेवटी चार स्क्रू, बाजूचा पत्रा.
आत पाहतो तर
राईस मिलचा कोंडा.
मिल आमच्या मागच्या भिंतीला लागून.
जो वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतो,
पापडांवर, पोराच्या पापण्यांवर,
तो इथंही येऊन बसलेला,
पातळ पत्र्यांच्या फटीफटीत
दाबून भरलेल्या उशीसारखा.
पंखा फिरत होता इमानदारीनं.
वारा मात्र कुठंच जात नव्हता.

पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवलं, ब्लोअर मारला.
खिलेश सात वेळा शिंकला.
खाली चिपवरचा लेप
भिंतीच्या चुन्यासारखा सुटत होता.
नवा तुमसरहून आणला, सिरिंजमध्ये, दीडशे रुपये.
"वाटाण्याएवढा लावायचा म्हणते."
"कोणता वाटाणा? ओला का वाळला?"
भूमेश्वरीने विचारलं, आणि आपणच ठरवलं:
लाखोरीच्या दाण्याएवढा.
तेवढाच लावला.

रात्री तो खेळत होता.
अडुसष्ट. एकाहत्तर. एकाहत्तर.
मी खाटेवरून आकडा पाहत राहिलो,
ताप आलेल्या लेकराच्या काखेतला पारा पाहावा तसा.
म्हटलं, हा बिघडलाच नव्हता रे.
जी मोटर ट्रिप होत नाही ती जळते,
काळी होऊन माझ्या दुकानात येते,
आणि मालक म्हणतो, काल त बरी चालत होती.
हा शहाणा.
सोसेना तिथं थांबत होता.

भूमेश्वरी अंधारातून म्हणाली,
"तुमाले काहून नाही बसवलं कोणी तसं?"

गेल्या नवतपात, दुपारी दोनला,
मिलच्या टिनावर मी मोटर सोडवत होतो.
उतरायला वळलो
तर शिडी होती तिथं शिडी दिसेना.
त्या रात्री घरी
फक्त जेवण नको म्हणालो होतो.

खिलेशने मागे वळून पाहिलं.
तेवढ्यात त्याचा गडी पडद्यावर मेला.
या वेळी खराखुरा, गोळी लागून.
तो हसला. आम्हीही.

सकाळी तिने जुन्या मच्छरदाणीचा तुकडा
डब्याच्या जाळीवर ताणून बसवला.
मी म्हटलं, आठ दिवसाआड झटकावा लागेल.
"झटकू," ती म्हणाली,
"कोंडा का संपते का?"