बाहेर थांब

ज्या दिवशी एल्डा कॉर्कमनं मृत्युपत्र केलं
त्या दिवशी मला तिनं घराबाहेर काढलं.
"बर्टन, जा, लाकडं फोड," म्हणाली.
फोडलेली लाकडं छपराला टेकली होती, तरी.

मार्च होता. बंदराच्या कडेला बर्फ अजून कुरकुरत होता.
हॅलिफॅक्सहून वकीलबाई आल्या, दारात बूट घासत,
आणि मागोमाग, सह्या करायला,
पोस्टातला लेव्ही हर्टल
अन् समोरच्या घरात नुकती राहायला आलेली ती मुलगी,
जिचं नावही एल्डाला धड घेता येत नव्हतं.

सोळा हिवाळे मी हिच्या दारातला बर्फ उपसला.
नवऱ्याची बोट उलटी करून डांबर लावलं.
दात काढायला शहरात नेलं, परत आणलं;
तोंडात बोळा, तरी वाटभर बोलत होती.
आणि आज सहीला पोस्टातला माणूस?

खिडकीतून दिसत होतं.
बाई काहीतरी विचारत होत्या. काय ते नंतर लेव्हीकडून कळलं:
आज वार कोणता, मुलं किती,
तुमचं म्हणून जे आहे ते काय काय.
एल्डा बोटांवर मोजत होती.
घर. बँकेतलं थोडं. विहीर, पण पाणी मचूळ.
मुलगा एक, कॅलगरीला. मुलगी एक, माझ्याशी बोलत नाही.
"तिलाही लिहा," म्हणाली म्हणे,
"न बोलणाऱ्यालाही छप्पर लागतं."

मग पेन फिरलं.
आधी ती, ते दोघं बघत असताना.
मग ते दोघं, ती बघत असताना.
मी कुऱ्हाड अशी घातली की ओंडक्यातच रुतून बसली.
त्या संध्याकाळी चहा न घेता घरी गेलो.
एप्रिलभर कामापुरतं बोललो.
तिनं एकदाही समजावलं नाही.

ऑक्टोबरात गेली.
बाईंनी वाचलं, कागद डोळ्यांपासून लांब धरून:
यापूर्वी केलेलं सगळं रद्द.
व्यवस्था भाच्यानं बघायची. आधी देणी, मग दफनाचा खर्च,
मग घर दोघांना निम्मं निम्मं.
आणि बोटीची शेड, आतल्या हत्यारांसकट,
पाण्यात उतरणाऱ्या फळ्यांसकट,
बर्टन वाम्बोल्टला.

"तुमची सही असती ना यावर," बाई म्हणाल्या,
"तर हे तुम्हाला मिळालं नसतं.
साक्षीदाराच्या पदरात काही पडत नाही."

मी टोपी काढली. परत घातली.

आता मला एकाहत्तर. कोरा कागद टेबलावर आहे.
शेड कुणाची, ते ठरलंय. करवत लेव्हीला.
शिट्टीची किटली समोरच्या मुलीला,
इफेओमा; मला येतं तिचं नाव.
अडलंय ते एवढ्यावरच:
ज्यांना मी काहीच देणार नाही
अशी दोन माणसं
या गावात शोधतोय.