सोमवारी बंद

दोंडाईच्यात, मिरचीच्या यार्डामागे
जुन्या जिनिंगच्या शेडमध्ये
जगभरचे देव आणून ठेवलेत.
तिकीट वीस रुपये.
चपला घालून गेलं तरी चालतं म्हणे.
मी काढल्या.

हंगाम सरला तरी पोत्यांचा खाट
काचेला जुमानत नाही.
बुद्धासमोर एक पोरगं शिंकलं,
मग त्याची आई, मग मी.
तो तसाच, डोळे मिटून,
गावात राहून सवय झालेल्यासारखा.

मी शिंपीण. चेहरा नंतर बघते,
आधी शिवण.
तिबेटच्या पटाला जरीची पट्टी आहे,
कोपरा दुमडताना कुणाचा तरी हात अडला होता, दिसतं.
पाद्रीबाबाच्या झग्याला आतून ठिगळ,
इतकं बारीक,
की घालणारीला शाबासकी
वरच्याकडूनच हवी असावी.
यहुद्यांच्या पोथीचं मखमली वेष्टन:
वरून सोन्याची तार, आतून अस्तर स्वस्तातलं.
हसू आलं. गिऱ्हाईक सगळीकडे सारखंच.
कुराणाच्या पानाला शिवणच नाही, नुसती शाई.
तिथं जास्त वेळ उभी राहिले,
हाताला काही काम नव्हतं म्हणून.

शेवटच्या खिडकीपाशी ती.
'कानबाई. नारळ, नथ, कापड.
दात्री: मंजुळा उखा शिंपी.'
रेशनकार्डानंतर माझं छापील नाव
मी इथंच पाहिलं.

रोटाचे गहू मोजायचे तेव्हा
घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ.
बापाची, काकाची, चार भावांची,
पाळण्यातल्या लेकराचीसुद्धा, ते मुतत असताना.
मी दळायची.
माझी मूठ मापात नव्हती.
मग मुठी कमी होत गेल्या.
एक सुरतेला गेली, साड्यांच्या कारखान्यात,
ती फक्त सह्या करायला परत आली.
बाकीच्यांचं काय सांगू.
मागच्या श्रावणात डबा उघडला
आणि मोजायला कुणी नाही.
भाऊबंद म्हणाले, रोट नाही तर देवी कशाला,
तापीत सोड.
सारंगखेड्याच्या पुलापर्यंत गेले होते मी.
रिक्षावाला म्हणाला, मावशी, थांबू का जाऊ?
थांब म्हटलं.
आणि मांडीवर नारळ घेऊन परत आले.

काचेत तिला हिरवा खण नेसवलाय.
चांगला आहे, येवल्याकडचा असावा.
पण मागे टाचणी.
आईनं तिला आयुष्यात कधी
टाचणी लावली नाही.

राखणदार हसन पिंजारी.
याच शेडमध्ये त्याच्या बापाच्या पिंजणीची तार तुटली होती.
मी नुसतं बोट दाखवलं.
त्यानं इकडंतिकडं पाहून किल्ली काढली:
"सायेबले सांगू नका."

सुई माझ्या पोलक्याला टोचलेली असतेच.
दोन टाके मागून, एक नथीच्या बाजूला.
दोरा दातानं तोडायला वाकले
तर नारळ हलला,
आत काहीतरी खुळखुळलं.
मी मागे सरले.

"वाजस ती," हसनभाई म्हणाला.
"दर सोमवारले पुसतांना वाजस.
आठे दुसरं कोनी वाजत नई."

पाणी कधीच आटलं असणार.
करवंटीपासून सुटलेला कोरडा गोटा तो,
मला कळतं.
आईच्या हातातही तो असाच वाजायचा का,
ते मात्र आठवेना.
देव्हाऱ्याच्या आतल्या अंगाला
बायकांची एवढी गर्दी असायची.

काच लागली.
बाहेर पाटी: सोमवारी बंद.
उद्या घरोघरच्या कानबाया
डोक्यावर बसून नदीला जातील,
वाजंत्री लावून, गुलाल उधळून.
ही इथंच.

चपला घालताना बघितलं,
मूठ अजून मिटलेली.
आत टाचणी.

"भाऊ, पुसताना जरा हळू हलवा तिला."

"हळूच हालवस मी," तो म्हणाला.
मग थोडं थांबून,
फडकं खांद्यावर टाकत:
"पन हालवस."