थोडीच भूल

शेवटचा कंटेनर जानोरीहून निघाला
आणि मग मी पाय दाखवायला आले.
त्याआधी वेळ नव्हता.
चार महिने पॅकहाउसच्या फरशीवर उभी,
हातात कात्री, पुढ्यात घड,
तडकलेला मणी काढ, डागाचा काढ,
पेटी भर, पुढची घे.
असे सोळा हंगाम.

कोठावदे डॉक्टर म्हणाले, झडपा गेल्यात,
रक्त वर चढतं आणि पुन्हा खाली बसतं.
मी म्हटलं, तेही दमलं असेल.
ते हसले नाहीत.
मला उभंच ठेवून
हिरव्या पेनानं पोटरीवर रेघा ओढत राहिले,
अगदी वेल काढल्यासारख्या:
ओलांडा, काड्या, सबकेन,
आणि छाटणीच्या जागी फुल्या.

भूल देणारी पोरगी मोहाडीच्या थेट्यांची निघाली.
‘घाबरू नका मावशी, थोडीच देते.
संध्याकाळी निमाणीवरून बस धरायचीय ना?’
थोडी म्हणजे किती?
‘एक मिली. त्याहून जरा कमीच.’

चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्साही नाही.
तिला वाटलं, मी भ्याले.
भ्याले होतेच.
आईला सिव्हिलमध्ये पूर्ण भूल दिली होती,
तीन दिवस ती आम्हाला
कुणा दुसऱ्यांच्याच नावांनी हाका मारत होती.
पण मी हिशोबही करत होते.
जीएचं पाणी मी या हातांनी कालवलंय,
घडामागून घड बुडवलेत मगात.
जास्त झालं तर देठ ताठतो, मणी गळतात.
कमी झालं तर मालक बोलतो.
थोडीच, या शब्दाचं वजन
मला माहीत आहे, पोरी.

गुडघे पोटाशी, हनुवटी छातीशी.
‘मुंगी चावल्यासारखं होईल.’
मुंगी नव्हती ती.
गांधीलमाशीही नव्हती, खरं सांगायचं तर.

मग डाव्या कुशीवर पंधरा मिनिटं, हलायचं नाही.
औषध जड असतं, ती सांगत होती,
खालच्या अंगाला जाऊन बसतं.
ज्या पायाचं काम, त्यालाच मिळतं.
‘उजवा तुमच्याकडेच राहील.’

उजवा माझ्याकडेच राहिला.
डावा आधी कोमट झाला,
मग दुसऱ्याच कुणाचा झाला.
स्पिरिटचा बोळा फिरवून ती विचारत होती, गार लागतं?
पोटाला लागतं. मांडीला
लागायचं राहून गेलं.

हिरव्या पडद्यापलीकडे काहीतरी ओढलं जात होतं,
दुखत नव्हतं, नुसतं कळत होतं,
शेजारच्या घरात कुणी पलंग सरकवावा तसं.
वॉर्डबॉय कुणाच्या तरी स्कूटीबद्दल बोलत होता.
मी जागी होते, आणि माझ्या एका पायाला
कुणी काही काम सांगत नव्हतं.

दोन वाजता अंगठा हलला.
मी हलवला की त्यानं, सांगता येणार नाही.
मग लघवीची वाट.
ती झाल्याशिवाय सोडत नाहीत.
सून पाण्याची बाटली पुढं करतेय,
मी पितेय, आणि काही होत नाही,
परीक्षेला बसल्यासारखं.
चार वाजता झाली
तर सिस्टरनं जिन्यापर्यंत ऐकू जाईल असं सांगितलं.

‘चालायचं रोज, थोडं थोडं.
झोपताना पाय उशीवर.
फक्त एका जागी उभं राहायचं नाही.’

उभी राहू नको.
अठ्ठेचाळीस वर्षांत हे
मला कुणी म्हटलं नव्हतं.
किती दिवस, मी विचारलं.
ती कागदावर सही करत होती,
तिला ऐकू गेलं नाही.

निमाणीवर बस भरलेली.
सुनेनं एका पोराला उठवलं. मी बसले.
म्हसरूळच्या पुढं डाव्या टाचेत
ती सकाळची मुंगी आली,
मागोमाग तिची सगळी रांग.