सातशे साठ

हाप्सालूला त्या हिवाळ्यात खाडी गोठली होती
आणि मी अन् ताव्हेत एका रुंदीवरून भांडत होतो.
सातशे साठ पिक्सेल, तो म्हणायचा.
दोन्हीकडे राखाडी मोकळी जागा, मध्ये पान,
चौकटीतल्या फोटोसारखं. हलायचं नाही.
मी म्हणायचे, टक्के.
खिडकी जेवढी, तेवढं पान.

गिऱ्हाईक होती हेल्वे. सत्तरी ओलांडलेली,
लोकरीच्या शाली विणणारी,
अंगठीतून आरपार जाणाऱ्या.
तिला संगणकातलं काही कळत नव्हतं
आणि कळून घ्यायचंही नव्हतं.
"शाल दिसू दे," एवढंच म्हणाली.

ताव्हेतचं म्हणणं खोटं नव्हतं.
बँकेतल्या रुंद पडद्यावर माझं पान उघडलं
तर एकेक ओळ इतकी लांबली
की तिच्या टोकाला पोचून परतताना डोळा वाट चुकायचा,
तीच ओळ पुन्हा वाचायचा,
बर्फात फिरून फिरून
आपल्याच पावलांवर येणाऱ्या माणसासारखा.
मी गप्प बसले.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे ठीक.
पण अंथरूण शिवणाऱ्याने
कुणाचे पाय पाहायचे?

त्याचंच पान लागलं.

तीन आठवड्यांनी वॉर्म्सी बेटावरून पत्र आलं,
कागदावर, निळ्या शाईत.
कुणी साल्मे. तिथल्या वाचनालयात
एक जुना संगणक होता, पडदा वीतभर,
त्यावर तिने शाली पाहिल्या होत्या.
"सगळ्या सुंदर. एकीचीही किंमत लिहिलेली नाही,
तेव्हा विकायच्या नाहीत हे समजलं.
नुसत्या बघू दिल्यात, आभारी आहे."

किमती होत्या.
उजव्या रकान्यात, एकाखाली एक, नीट.
तिच्या पडद्याच्या कडेपलीकडे
एकशेवीस पिक्सेलच्या अंधारात उभ्या.
खाली एक पट्टी होती, ती सरकवली की दिसल्या असत्या,
पण सरकवायची असते हे साल्मेला कोण सांगणार?
दुकानात गेल्यावर
भिंत ढकलून पाहतं का कुणी?

ताव्हेतने पत्र दोनदा वाचलं,
घडी घातली, उलगडली, पुन्हा वाचलं.
मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं.
बँकेतली ती लांब ओळ आठवत राहिली.

हेल्वेकडे गेलो तेव्हा ती शाल ताणत होती.
धुतलेली, ओली, मुठीत मावेल एवढी,
आणि समोर माणसाहून उंच लाकडी चौकट,
खिळ्याखिळ्याला काठाचं एकेक टोक.
आम्ही बूट काढून भिंतीशी उभे राहिलो.
पत्र तिने ऐकलं, हसली, काही बोलली नाही.
मग ताव्हेतनेच विचारलं,
शाळेतल्या मुलाने विचारावं तसं:
"किती ताणायची, हे कसं ठरवता?"

तिने बोटाने कापड हलकेच दाबून पाहिलं.
"नक्षी दिसेल इतकी.
भोकं दिसतील इतकी नाही."

त्या रात्री आम्ही पानाला दोन हद्दी लिहिल्या,
याहून अरुंद नको, याहून रुंद नको,
मधल्या मध्ये खिडकीची मर्जी.
माप पिक्सेलमध्ये धरलं नाही, अक्षरांत धरलं,
म्हणजे कुणी चष्म्यावाचून अक्षर मोठं केलं
तर ओळही तिच्याबरोबर मोठी व्हावी.
किंमत उचलून शालीच्या पायाशी आणली.

सोपं नव्हतं. तेव्हा घरोघरी जो ब्राउझर होता
त्याला हद्द नावाची गोष्टच ठाऊक नव्हती.
त्याच्यासाठी ताव्हेतने दोन दिवस
शिव्या देत देत एक कुबडी घडवली,
आणि ती अजून कुणाला दाखवत नाही.
एकटा असला की खिडकीची कड धरून
पान आत घेतो, बाहेर सोडतो,
आत, बाहेर,
कुठे उसवतं ते बघत.

मार्चात बर्फ तडकायला लागला.
साल्मेचं दुसरं पत्र आलं, तीच निळी शाई.

"आता किंमत दिसते.
परवडत नाही."